भांगाच्या भरतीची खूण

माझा थोरला भाऊ श्रीवर्धनकडच्या किनाऱ्यावर मासेमारीची होडी चालवतो. मी शहरात राहून, होडीचे ठिकाण कळवणाऱ्या यंत्रांचे प्रोग्राम लिहितो. यंत्र जागे होताच सर्वांत आधी चालतो तो बूटलोडर. नवा प्रोग्राम भरून घेणे हेही त्याचेच काम. त्यासाठी त्याला स्टॅक नावाची थोडी तात्पुरती जागा लागते. ती किती, हे अजमावण्यासाठी मी ती सगळी जागा एकाच ठरावीक खुणेने भरली, टेबलावर यंत्र चालवले आणि किती खुणा पुसल्या गेल्या ते पाहिले. बऱ्याच शिल्लक होत्या. मी निर्धास्तपणे कार्यालयात अंदाज कळवून टाकला.

दिवाळीनंतर दादाच्या होडीवर नवा प्रोग्राम भरत होतो. त्याने सवयीने इंजिन चालू केले. होडीवरचा दिवा क्षणभर मंदावला, आणि यंत्र जे निजले ते उठेना.

"भावजी, तुमचं यंत्र ह्यांच्यासारखंच हाय," वहिनी काठावरून म्हणाली. "हाक मारली तरी उठत न्हाय."

खलाशी हसले. मला ते सोसले नाही. "खारं पाणी गेलंय आत," मी दादाला म्हणालो. "तुम्हा लोकांना वस्तू सांभाळताच येत नाही."

तुम्हा लोकांना! मी ज्या घरात जन्मलो, त्याच घराला हे म्हणालो.  खांद्यावरच्या टॉवेलाने यंत्र पुसून दादाने ते वाळत्या बोंबलांशेजारी उन्हात ठेवले.

शहरात नेऊन यंत्र उघडले. मिठाचा कणही नव्हता. मग पुन्हा खुणा भरून टेबलावर विजेचा दाब मुद्दाम खाली आणून पाहिला, तर एकही खूण उरली नाही. विजेचा दाब घसरला की बूटलोडर अर्धवट राहिलेले काम पुन्हा तपासायला घेतो. कामावर काम चढते आणि जागा पुरत नाही. इंजिन चालू करताना दिवा मंदावतो, हे तर मी लहानपणापासून पाहत आलो होतो. आमच्याकडे होडी ओढून ठेवतात ती उधाणाच्या, सर्वांत मोठ्या भरतीच्या खुणेच्या वर. मी भांगाची, सर्वांत तोकडी भरती मोजून स्वस्थ बसलो होतो.

कार्यालयात "अंदाज चुकला" एवढ्यावर भागले. दुरुस्त केलेले यंत्र घेऊन गेलो, तर दादाने त्याच्यासाठी रबराची कड लावलेली लाकडी पेटी करून ठेवली होती. "आता न्हाय जायाचं पानी," तो म्हणाला.

"दादा, पाणी गेलंच नव्हतं. चूक माझी होती."

तो पेटीच्या झाकणावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "मला एकट्याला सांगून काय रं? बोललास ते खलाशांसमोर."

खलाशी पलीकडे जाळे सांधत बसले होते. चपला काढून मी वाळूतून त्यांच्याकडे निघालो.