ड्रममधला साल

चार पानांची ती पत्रिका मी एका बैठकीत लिहिली. एक शब्दही खोडला नाही. तेव्हा मला याचा अभिमान वाटला होता.

वडील पूर्णेला रेल्वेत होते. पगार झाला की ते चळवळीची एखादी पुस्तिका आणायचे, दहा-वीस पानांची, स्टेपल मारलेली. घरात त्यांची एक ट्रंक भरली होती. मी वाचायला शिकले ते त्या ट्रंकेतून. कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, तपासायचं, हे मला शाळेच्या आधी घरी कळलं. वडील गेले, ट्रंक माझ्याकडे आली आणि आई गावाजवळच्या रोपवाटिकेत कामाला लागली.

तिथल्या पॉलिहाऊसमध्ये मोठ्या जातीची फुलझाडं ड्रममध्ये वाढवतात. आमच्या उन्हात जी लहानपणीच करपून जातात, ती पांढऱ्या छताखाली फवाऱ्याच्या ओलाव्यात मोठी करायची आणि मगच जमिनीत लावायला द्यायची. वर्षाआड ड्रम आडवा करून झाड मातीच्या गड्ड्यासकट ओढून काढावं लागतं. गोल फिरलेल्या मुळ्या कोयत्यानं छाटायच्या, शेणखत घालून झाड परत बसवायचं. हे काम आईकडे होतं.

"मुळी गोल फिराय लागली की झाड सोताच्याच गळ्याला फास लावतंय," ती म्हणायची.

नऊ वर्षांपूर्वी गावात आलेल्या एका भन्तेजींनी तिला एक रोप दिलं. म्हणाले, हा साल आहे, याच झाडांच्या जोडीखाली तथागतांचं परिनिर्वाण झालं. मालकानं पॉलिहाऊसचा एक कोपरा दिला. झाड दोनदा छताला टेकलं आणि दोनदा आईनं त्याचा शेंडा खुडला. खुडताना तोंडानं "च् च्" करायची, लेकराचे केस कापताना करावं तसं. यंदा चैत्रात त्याला कळ्या आल्या, त्याही फांद्यांवर नाही, थेट खोडावर. जाड गुलाबी पाकळ्या आणि मधे वाकलेला फणा. सकाळी दार उघडलं की वास अंगावर यायचा. विहाराच्या कमिटीनं ठरवलं, आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, त्या दिवशी हे झाड विहारासमोर लावायचं. खड्डा खणून झाला. आईनं त्यात स्वतः चार पाट्या खत टाकलं.

मी त्या फुलाचा फोटो काढला. फोननं वेगळंच नाव दाखवलं: कैलासपती. नुसत्या फोनवर विश्वास ठेवणारी मी नाही. पुस्तकं काढली, पानं ताडून पाहिली. सालाची फुलं फिकी, बारीक, फांदीच्या टोकाला झुपक्यानं येणारी. हे झाड दक्षिण अमेरिकेतलं आणि इकडे त्याचं फूल महादेवाच्या पिंडीवर वाहतात. सगळं पक्कं झाल्यावर मला आनंद झाला. आईचं काय होईल हे मनात येण्याआधी आनंद झाला.

पत्रिकेचं नाव होतं "हा साल नाही!" पूर्णेहून छापून आणली. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी गठ्ठा घरात ठेवला तेव्हा आई भाकरी थापत होती.

"काय लिव्हलंस गं?"

"झाडावर लिहिलंय."

"आपल्या झाडावर?"

"हो."

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि मग गठ्ठ्याला हात लावला. आई अक्षर लावून लावून वाचते. एका पानाला तिला अर्धा तास लागतो. "मीच वाटते उद्या," ती म्हणाली. मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, वाट.

दुसऱ्या दिवशी पांढरं लुगडं नेसून ती विहाराच्या दारात उभी राहिली. खिरीच्या वाटीआधी प्रत्येकाच्या हातात पत्रिका. "घ्या, पोरीनं लिव्हलंय. झाडावर हाय." बाहेर टेम्पोत ड्रम उभा होता, खोडाला ओलं गोणपाट गुंडाळलेलं. कमिटीचे अध्यक्ष, निवृत्त गुरुजी, मोठ्यानं वाचू लागले. दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं: "अज्ञानातून आलेल्या भाबडेपणाने नऊ वर्षे पोसलेले हे झाड..." तिथं ते थांबले. त्यांनी चष्मा काढला.

मागून कुणीतरी म्हणालं, "वैनी, म्हंजे महादेवाचं झाड आणलं का काय हिथं?"

लोक हसले. आईच्या हातात तीन पत्रिका उरल्या होत्या. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी भाषण पाठ करून आले होते. उठले नाही.

"वैनी, जरा थांबू," गुरुजी म्हणाले. "कमिटीत बोलून घेऊ."

टेम्पो परत निघाला. आई मागं ड्रमजवळ बसली, खोडाला धरून. मी तिच्यासमोर बसले. गोणपाट सारखं करत ती म्हणाली,

"मला म्हाईत न्हवतं व्हय? गिऱ्हाइकं येऊन कैलासपती म्हणूनच मागायची की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होते आज. माझ्या तोंडानं." टेम्पो खड्ड्यात आदळला, तिनं खोड छातीशी धरलं. "भन्तेजींनी सालाच्या नावानं दिलं, मी सालाच्या नावानं वाढवलं. नाव काय, बदलता येतंय. आपण न्हाई बदललं?"

धर्मांतरावरच्या सगळ्या पुस्तिका मला जवळजवळ पाठ आहेत. त्यांतल्या एकीतही हे असं लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्या खड्ड्यात पिंपळ लावला. मी गुरुजींकडे गेले, म्हणाले, माझी चूक झाली. ते म्हणाले, "चूक कसली? खरं तेच लिहिलंस. फक्त खड्डा आता भरला, पोरी." कौतुक मला एवढं कधी टोचलं नव्हतं. घरी येऊन पत्रिका पुन्हा वाचली. झाडाचं शास्त्रीय नाव त्यात तीनदा आलं होतं. नऊ वर्षं त्याच्या मुळ्या कुणी छाटल्या, ते कुठंच नव्हतं. "भाबडेपणा" हा शब्द तेवढा होता. आईनं ती पत्रिका पुढे कधीतरी अक्षर लावून वाचली असेल का, हे विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

झाड त्याच कोपऱ्यात, त्याच ड्रममध्ये आहे. गेल्या महिन्यात मुळ्या छाटायची वेळ आली. आईनं मला बोलावलं, एकटीला आता झेपत नाही म्हणून. ड्रम आडवा केला, गड्डा ओढून काढला, झाड उभं केलं. मी खोड धरलं. ती खाली बसून छाटू लागली. जमिनीत मोकळ्या जायला हव्या होत्या त्या मुळ्या, मनगटाएवढ्या झालेल्या, आणि ती त्या एकेक करून तोडत होती. मला ते बघवेना, आणि तिच्याकडे बघण्याचीही हिंमत होईना. मी मान घालून उभी राहिले.

"खाली काय बघायलीस?" ती कोयता न थांबवता म्हणाली. "वर बघ. खोड वाकडं व्हायलंय."