वन्सं बाजारात जायच्या

मुलुंडहून ते गृहस्थ आले तेव्हा मी शाळेत निघायच्या गडबडीत होते. डबा भरून झाला होता, चपला पायात होत्या. दारातच उभं राहून त्यांनी "आक्का इथंच राहायच्या ना?" असं विचारलं. 'राहायच्या' हा शब्द कानाला टोचला, पण मी हो म्हटलं. त्यांच्या आईला जलोदर झाला होता. पोट फुगून तिला आडवं होता येत नव्हतं, म्हणून वन्सं आदल्या दिवशीच तिकडे मुक्कामाला गेल्या होत्या. सकाळी म्हातारीचं तोंड पुसून, तिला उशांना टेकवून बसवून वन्सं शेजारच्या खुर्चीत बसल्या, छातीवर हात ठेवला, आणि डॉक्टर जिना चढून येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. सांगताना त्या गृहस्थांना रडू आवरेना. मला मात्र रडू आलं नाही. शेवटचं पाणी कोणी दिलं, एवढंच मी विचारलं. ते म्हणाले, माझ्या बायकोनं. वन्सं गेल्या ही गोष्ट मनात नीट उतरायच्या आधीच त्या न पाहिलेल्या बाईचा मत्सर माझ्या मनात उतरला…

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. सगळ्या घाटकोपरला त्या आक्का म्हणून माहीत होत्या, माझ्या तोंडी मात्र शेवटपर्यंत वन्संच राहिल्या. लग्नानंतर थोड्याच काळात त्यांचे यजमान वारले. सासर-माहेर दोन्हीकडच्यांचा विरोध पत्करून त्या नर्सिंग शिकल्या आणि मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात राहून नोकरी करू लागल्या. मी लग्न होऊन घाटकोपरला आले तेव्हा घरातल्या बायका त्यांचं नाव जरा आवाज खाली करूनच घ्यायच्या. परक्या पुरुषांची अंगं पुसणारी बाई, असा तो सूर. ह्यांना मात्र आक्का म्हणजे दैवत. सुट्टीच्या दिवशी आक्का यायची असली की हे सकाळपासून गॅलरीत. ती आली की दोघं बहीणभाऊ तासन् तास लहानपणच्या गोष्टी काढून हसत बसायची. त्या गोष्टींत मी नव्हते. आत चहा करता करता मी ते हसणं ऐकायची, आणि चहात साखर घातली की नाही ते विसरायची.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी आम्हाला मूल नव्हतं. जे काय होतं ते आम्ही दोघंच एकमेकांना. ह्यांचं पोट दुखायला लागलं, जेवण जाईना, वजन उतरलं. ऑपरेशनसाठी पोट उघडलं आणि काही न करता पुन्हा शिवून टाकलं. आतून कॅन्सर पसरला होता. घरी न्या, असं डॉक्टर म्हणाले. मी घरी आणलं. आतल्या खोलीत, जिथं आवाज येणार नाही, ऊन लागणार नाही, अशा जागी गादी घातली. मऊ भात, पेज, मुगाचं कढण, काय काय करून मी त्यांना भरवत होते. दोन घास गेले की मला वाटायचं, आजचा दिवस जिंकला. थोड्या वेळानं ते सगळं उलटून पडायचं. मग कळा सुरू व्हायच्या. हे उशीत तोंड खुपसून कण्हायचे आणि मी पाय चेपत बसायची. पाय दुखतच नव्हते… पण माझ्या हाताशी तेवढंच होतं.

वन्सं इस्पितळातून रजा घेऊन आल्या, ती रजा पुढं वाढतच गेली. आल्या दिवशी पदर खोचून त्यांनी गादी आतल्या खोलीतून उचलली आणि बाहेरच्या खोलीत, गॅलरीच्या दाराशी आणली. "सुमती, ह्याला तोंडावर वारा हवा. आतल्या कोंडीत ओकारी वाढते." मी म्हटलं, येणारे-जाणारे बघतील. त्या म्हणाल्या, बघू देत, त्यालाही माणसं दिसू देत. त्या दिवसापासून चाळीतली माणसं जाता येता दाराशी थांबायला लागली आणि हे त्यांच्याशी चक्क दोन शब्द बोलायला लागले. मग वन्संनी माझं भरवणं बंद केलं. रागानं नाही केलं. भूक मेलेल्या माणसाला समोर ताट आणलं की 'नको' म्हणायचंच ओझं होतं, मागेल तेव्हा चमचाभर दे, असं त्यांनी मला समजावलं. स्टेशनजवळून भुशात गुंडाळलेला बर्फ आणून, फडक्यात ठेचून त्याचा चुरा त्या ह्यांच्या जिभेवर ठेवायच्या. तोंड कोरडं पडलं की आमसुलाची लहानशी पाकळी गालात. एवढ्याशा गोष्टींनी ह्यांचा चेहरा सैल पडायचा, तो माझ्या कढणांनी कधी पडला नव्हता. मला बरं वाटायला हवं होतं. वाटत होतंही. पण पातेलं घासताना माझे दात आवळलेले असायचे.

मॉर्फियाचं इंजेक्शन डॉक्टर हात राखून देत होते. कळा असह्य झाल्या की मगच. सवय लागेल, अशी त्यांना धास्ती. ते वाईट नव्हते, त्या काळी सगळेच तसं करत. वन्संनी त्यांना गॅलरीत गाठलं. मी आतून ऐकत होते. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "सवय लागायला माणूस राहायला तरी हवा, डॉक्टर. दुखणं उठायच्या आधी देऊ या. थोडं थोडं, पण न चुकता." डॉक्टरांनी मान्य केलं आणि कसं किती द्यायचं ते वन्संना नेमून दिलं. त्या आठवड्यात हे कितीतरी दिवसांनी सलग झोपले. कण्हणं थांबलं तेव्हा घर इतकं शांत झालं की शेजारच्या घरातला पाटा-वरवंटा ऐकू यायला लागला.

त्या औषधानं पोट बांधून जायचं, शौचाला व्हायचं नाही. मग एनिमा, धुणंपुसणं, सगळं आलं. मी पुढं झाले तर हे मला म्हणाले, "तू जरा बाहेर जा. आक्का करेल." मी बायको होते. ज्या अंगाला माझ्यावाचून कोणी हात लावला नव्हता, ते अंग आता बहिणीच्या हाती होतं आणि मी गॅलरीत कठडा धरून मागच्या टेकडीकडे बघत उभी होते. आतून वन्संचं काहीतरी बोलणं, आणि त्यावर ह्यांचं हसणं ऐकू आलं. त्या हसण्यानं मला जेवढं लागलं तेवढं त्या कण्हण्यानंही लागलं नव्हतं.

एकच वेळ माझा होता. दुपारचा चहा झाला की वन्सं पिशवी घेऊन बाजारात जायच्या. रोज. कधी भाजीला, कधी कापसाला, कधी नुसत्याच. त्या वेळी ह्यांची गुंगी उतरलेली असायची आणि दुखणंही नसायचं. डोळे स्वच्छ. मी केस विंचरायची, आणि हे बोलायचे. विमा कंपनीच्या ऑफिसातल्या गमती सांगायचे. मूल झालं नाही याचं तुला फार वाटलं का, असं एकदा त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. मी नाही म्हटलं, मग हो म्हटलं. मग आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही, पण ते न बोलणंही आमचं दोघांचं होतं… मी गेल्यावर तू मॅट्रिकच्या पुढं शीक, मास्तरीण हो, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितलं. त्या वेळेची मी सकाळपासून वाट बघायची. मनातून मला मोठा अभिमान होता. बर्फ तिचा, इंजेक्शन तिचं, पण ह्यांचं मन मोकळं होतं ते माझ्यापाशी. ती बाहेर गेली की हे माझे असतात, हे मी माझ्या प्रेमानं मिळवलंय, असं मी धरून चालले होते.

एका दुपारी चुन्याची डबी घरात भरलेली असताना वन्सं चुना आणायला म्हणून निघाल्या. मी हसून ह्यांना म्हटलं, तुमच्या बहिणीला बाजाराचं भारी वेड. हे माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "तुला कळलं नाही? ती मुद्दाम जाते. या वेळी मी शुद्धीत असेन असं बघूनच सकाळचं इंजेक्शन देते ती." माझ्या हातातला कंगवा तसाच राहिला. मला कृतज्ञ वाटलं असं लिहिलं तर वाचणाऱ्यांना आवडेल, पण तसं झालं नाही. माझा संताप झाला. जो एक वेळ मी माझा म्हणून जपला होता तोही त्यांनीच मला काढून दिलेला होता, आणि बहीणभावाला ते ठाऊक होतं, मला नव्हतं. वन्सं परत आल्या तेव्हा मी मोरीपाशी त्यांना अडवलं आणि विचारलं, माझी कीव येत होती का तुम्हाला? त्यांनी पिशवी खाली ठेवली. म्हणाल्या, "डोकं जागं आणि दुखणं झोपलेलं, असा वेळ ह्या आजारात थोडाच मिळतो, सुमती. तो नर्सवर कशाला घालवायचा?" आणि त्या पाय धुवायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर त्या पुन्हा पिशवी घेऊन गेल्या. मीही त्यांना थांबवलं नाही. मला तो वेळ हवाच होता.

हे गेले ते सकाळी. घशात घरघर लागली होती, ती ऐकून मी घाबरले. वन्संनी त्यांना कुशीवर वळवलं, पाठीशी उशी दिली. घरघर कमी झाली. ह्यांनी डोळे न उघडता "आक्का, पाणी" म्हटलं. माझं नाव नाही… वन्संनी भिजवलेला कापूस हातात घेतला होता. तो त्यांनी माझ्या बोटांत दिला आणि त्या पायाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी ह्यांचे ओठ ओले केले. कोणाच्या हातून पाणी मिळालं हे त्यांना कळलं की नाही, ते मला कधीच कळणार नाही.

त्यानंतर वन्सं इस्पितळात परत गेल्या नाहीत. माझ्यापाशी राहिल्या. मी शिकले, शाळेत लागले. आम्ही दोघी एकाच माणसाच्या दोन बाजूंना असल्यासारख्या त्या दोन खोल्यांत राहिलो. भांडलो क्वचित, बोललो बेतानं. एकदा मटार सोलताना मी त्यांना विचारलं, "त्या वेळी बाजारात जाताना तुम्हाला नाही का वाटायचं, की आपणही भावापाशी बसावं?" त्या मटार सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "वाटायचं."

एवढंच. त्या पायऱ्या उतरून त्या कुठं जात असतील, बाजारात इतका वेळ काय करत असतील, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मनात आणलं.

हळूहळू डॉक्टरच त्यांना घरोघर पाठवायला लागले. जिथं औषधानं बरं होण्यासारखं काही उरलेलं नाही अशी घरं. भांडुप, मुलुंड, कुर्ला. त्यांनी काही चमत्कार केले नाहीत. पाठ फुटू नये म्हणून कूस बदलायची, जखमेला वास येत असला तर कोळशाची पूड मलमलीत शिवून वर ठेवायची, दम लागलेल्याला आडवं न करता बसवायचं, आणि घरच्यांना ते शिकवून आपण बाजूला व्हायचं. त्या घरांतल्या लोकांना त्या आपल्याच वाटायच्या. दिवाळीला कुठून कुठून फराळाचे डबे यायचे. मी ते डबे रिकामे करून परत पाठवायची आणि मनात म्हणायची, आक्का तुमची नाही, माझी आहे. ज्या बाईचा मी वर्षानुवर्षं हेवा केला, तिच्यासाठी आता मी दुसऱ्यांचा हेवा करत होते. एकदा तरी त्या माझ्यासमोर अंथरुणाला टेकाव्यात, मग त्यांनी ह्यांचं केलं तसं मी त्यांचं करीन, असं मी ठरवून ठेवलं होतं. ते त्यांनी मला करू दिलं नाही. तेही मुलुंडच्या त्या गृहस्थांच्या बायकोला दिलं.

ती दहाव्याला आली. लहानखुरी, घाबरलेली. मी तिला आत बसवून एकेक गोष्ट विचारून घेतली. तिनं सांगितलं, आक्कांनाच दम लागला होता तरी त्याच मला सांगत होत्या, घाबरू नकोस, खिडकी उघड, पाठीशी उशी दे, घोटभर पाणी दे. "मला काही येत नव्हतं हो. त्यांनीच माझ्याकडून करून घेतलं," ती म्हणाली. मी तिचे हात बघत होते. त्या हातांवर माझा डोळा होता, आणि तिला माझ्या हातचे चार घास खायला घातल्याशिवाय मी सोडलं नाही.

मागच्या रविवारी तळमजल्यावरची सून वर आली. तिचे सासरे गिरणीत होते, मालवणकडचे, छाती गेलेली. वन्सं रोज त्यांना बघून यायच्या. तुम्ही या, म्हणाली. मी गेले. खिडकी उघडली, उशा रचल्या, म्हाताऱ्याला पुढं ओणवं करून टेकवलं, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. सगळं अगदी वन्सं करायच्या तसं. मला वाटलं, झालं. म्हाताऱ्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "बाये, तुझो हात थंडगार गो. आक्कांचो हात ऊन असायचो."

पुन्हा ती जुनी कळ उठली. मेलेल्या माणसाचा मत्सर करायला मला लाज वाटायला हवी होती, पण ती वाटायच्या आधीच मला दुसरं काही आठवलं. आजाऱ्याच्या खोलीत जाण्याआधी वन्सं नेहमी दाराबाहेर थांबायच्या, हात पदराखाली घेऊन, मान खाली घालून. आमच्या घरीही थांबायच्या. मी समजत होते, देवाचं नाव घेतात. देवाचं कसलं… पदराखाली त्या तळवे चोळत असायच्या.

मी उठून बाहेर आले. व्हरांड्यात कोणी नव्हतं. पदर ओढून घेतला आणि हात चोळायला लागले. पुष्कळ वेळ लागला, माझे हात लवकर तापत नाहीत. मग आत जाऊन म्हाताऱ्याच्या छातीवर तळवा ठेवला. त्यानं डोळे मिटून घेतले.