विरघळणाऱ्या धाग्याचा निवाडा

पेटंट कचेरीत त्यांना पाठीमागे नन्नाबाई म्हणत. अर्ज कुणाचाही असो, बाईंचा नन्नाचा पाढा ठरलेला. जाणत्या कारागिराला सहज सुचेल अशा गोष्टीला पेटंट नाही, हा कायदा; आणि बाईंना जगातलं बरंचसं सहज सुचण्यासारखंच वाटे. पण बाई सरळ होत्या. आधी जुने निबंध वाचायचे, त्यावरून पुढचं काय सुचतं ते स्वतःशी ठरवायचं आणि मगच अर्ज उघडायचा, हा त्यांचा नेम. उत्तर कळल्यावर कुठलंही गणित सोपंच असतं.

या खेपेला घाईत नेम मोडला. अर्ज होता टाके घालायच्या धाग्याचा, शरीरात आपोआप विरघळणाऱ्या. धागा गरम असतानाच जोरात ताणला, की तो जखम भरेपर्यंत टिकतो. बाईंनी आधी हेच वाचलं, मग दोन जुने निबंध. एकात तोच धागा, दुसऱ्यात ताणायची रीत. ‘यात काय मोठंसं?’ म्हणत त्यांनी नकार लिहून साहेबांकडे धाडलासुद्धा.

आज सुनावणी. अर्जदार बाई बाहेर बाकावर बसली होती. नोकरी सोडून उमेदीची वर्षं तिने या धाग्यात घातली होती. अर्ज जाहीर झालेला, म्हणजे कृती सगळ्यांसमोर उघडी. नकार मिळाला तर उद्या कुणीही तो धागा खुशाल काढणार. तिच्याकडे पाहून नन्नाबाईंना प्रश्न पडला. हे खरंच सोपं, की मला उत्तर आधीच ठाऊक होतं म्हणून?

फक्त जुने निबंध घेऊन त्या शेजारच्या खोलीतल्या काकांकडे गेल्या. काकांची निम्मी हयात प्लास्टिकच्या कारखान्यात गेलेली. हा अर्ज त्यांनी पाहिला नव्हता.

“काका, हा धागा जास्त टिकायला हवाय. तुम्ही काय कराल?”

काका ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचत बसले. बाईंचा जीव टांगणीला. तेवढ्यात शिपाई डोकावला. “मॅडम, साहेब बोलावतायत.”

“गार करून ताणेन,” काका म्हणाले. “गरम ताणला तर तुटतो. हे काय, इथेच लिहिलंय की.”

बाईंनी वाकून पाहिलं. ते वाक्य त्यांनीही वाचलं होतं आणि किरकोळ म्हणून सोडून दिलं होतं. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला.

सुनावणीत कुणी काही विचारायच्या आत अर्जदारच बोलली. “मॅडम, तुम्हाला हे साधं वाटत असेल. आता मलाही साधंच वाटतं. जमेपर्यंत नव्हतं वाटत.”

नन्नाबाई साहेबांकडे वळल्या.

“साहेब, तो नकार मला परत द्या. मी चुकले.”