गुलाबाच्या पानाचा फोटो उघडेना

मखमलाबादच्या आमच्या मळ्यात गुलाबाची पानं गळायला लागली, त्या वर्षी मी कॉलेज संपवून घरीच होते. पानांवर जांभळट डाग पडायचे आणि चार दिवसांत झाड उघडं व्हायचं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. "माझ्याच हातानं औषध जास्ती पडलं. पानं करपली," एवढंच ते बोलले आणि फवारणीचा पंप त्यांनी खुंटीला टांगला. जेवतानाही कुणाकडे बघेनात.

मला ते पटेना. पुण्याच्या एक बाई एकदा आमच्या कॉलेजात झाडांच्या रोगांवर बोलायला आल्या होत्या. त्यांना फोन लावला.

"न बघता काय सांगू? पानांचे फोटो ईमेल कर. खालची बाजूही दिसू दे," त्या म्हणाल्या.

माझा मावसभाऊ अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात होता आणि त्याच्याकडे डिजिटल कॅमेरा होता. रविवारी येऊन त्यानं फोटो काढले, सोमवारी ऑफिसातून बाईंना पाठवले, मलाही. पंचवटीतल्या सायबर कॅफेत जाऊन मी मेल उघडला. मजकूर दिसला, पण फोटोंच्या जागी 'विनमेल डॉट डॅट' नावाची एकच फाइल. ती कशातच उघडेना. बाईंकडेही तेच झालं होतं.

"माझ्याकडे तर मस्त दिसतात," भाऊ म्हणाला. "तुझ्या कॅफेचाच कॉम्प्युटर जुना असेल."

कॅफेवाले म्हणाले, "ताई, इथं सगळ्यांचे फोटो उघडतात. पाठवणाऱ्याला विचारा."

मी तिथंच मैत्रिणीनं पूर्वी पाठवलेला लग्नाचा फोटो उघडून पाहिला. लगेच उघडला. म्हणजे घोळ पाठवण्यातच होता. दुसऱ्या दिवशी बस पकडून मी थेट अंबडला गेले. ऑफिसात तीन कॉम्प्युटर होते.

"तिन्हींवरून एकच फोटो मला पाठव. विषयात एक, दोन, तीन असं लिही."

"अगं, साहेब ओरडतील."

"मग जेवणाच्या सुट्टीत पाठव. तोवर मी बाहेर बसते."

पाठवून झाल्यावर मी परत पंचवटी गाठली. एक आणि दोनमध्ये तीच मेली डॅट फाइल. तीन उघडला आणि पडद्यावर आमच्या गुलाबाचं पान आलं! भावाला फोन केला तेव्हा उलगडा झाला. पहिल्या दोन्हींवर ऑफिसचा मेलचा प्रोग्रॅम होता, तो फोटो स्वतःच्या पद्धतीनं बांधून पाठवायचा आणि ते गाठोडं फक्त त्याच प्रोग्रॅमात सुटायचं. तिसऱ्यावर तो नव्हताच, म्हणून भावानं वेबसाइटवर जाऊन मेल केला होता.

"मग सगळे फोटो तिथूनच पाठव. आजच."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी फोनवर सांगितलं, "हे करपणं नाही, डाऊनी रोग आहे. पानाखाली बुरशी स्पष्ट दिसतेय. फवारणी थांबवली ना, तिथं चुकलं." औषधाचं नाव मी लिहून घेतलं आणि मळ्यात धावत गेले.

दादा मेथी खुडत होते. ऐकून उभे राहिले.

"म्हंजी माझ्या हातानं नाय झालं?"

"नाही, दादा."

"पर फवारणी मीच थांबवली ना."

"मग आता तुम्हीच सुरू करा."

त्यांनी पंप काढून धुतला. चार ओळी उपटाव्याच लागल्या. बाकीच्या झाडांना तीन आठवड्यांनी तांबूस फूट आली, तेव्हा दादांनी मला हाक मारून ती दाखवली.