काडीचा साक्षीदार

कोर्टाची नोटीस आली तेव्हा मी अंगणवाडीत पोरांची वजनं घेत होते. कागद वाचला आणि काट्यावर बसवलेलं पोर मी विसरूनच गेले, मदतनीस बाईने त्याला उचललं. माझ्या नवऱ्याने, म्हणजे सहा वर्षांपूर्वी ज्याच्याशी माझी फारकत झाली त्या माणसाने, गडचिरोलीच्या कोर्टात अर्ज केला होता. फारकत झालीच नाही, बायको रागाच्या भरात माहेरी निघून गेली, मुलगी आता सात वर्षांची झाली, ती माझ्या ताब्यात द्या. तो गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात होता, राहायला क्वार्टर होतं, जवळ इंग्रजी शाळा होती. हे सगळं अर्जात लिहिलं होतं. 'रागाच्या भरात' हे वाचून मी अशी भडकले की कुणी पाहिलं असतं तर त्याचंच खरं वाटलं असतं.

आम्हा आदिवासींत फारकतीसाठी कोर्टात जात नाहीत. गावचे पंच बसतात, दोन्हीकडची माणसं बसतात आणि गावपुजारी नवरा-बायकोच्या मधे वाळल्या गवताची काडी धरून मोडतो. काडी तुटली की नातं तुटलं. कागद नाही, सही नाही, अंगठा नाही. गावातल्या प्रत्येक पोराचं जन्मापासूनचं वजन माझ्या रजिस्टरात आहे, आणि माझ्या स्वतःच्या फारकतीची नोंद कुठेच नव्हती.

सावली गावच्या एक वकीलबाई भेटल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "कायदा तुमची रूढी मानतो, पण ती सिद्ध करावी लागते," त्या म्हणाल्या. "काडी मोडताना पाहिलेला माणूस आणा."

माणूस एकच उरला होता. आई त्या बैठकीत नव्हती, माझे बाबा गेले, बाकीचे पंचही एकेक करून गेले, आणि त्याच्याकडची माणसं त्याच्याच बाजूने बोलणार. उरला होता तो काडी मोडणारा पुजारीच. सगळं गाव त्याला आबाजी म्हणतं. आणि माझी खरी भीती तिथूनच सुरू झाली, कारण आबाजी खोटं बोलत नाही. त्या दिवशी काडी मोडल्यावर पंचांनी पोरीचंही ठरवलं होतं. अंगावर पिते तोवर ती आईजवळ, मग बापाच्या देवात, म्हणजे बापाच्या कुळात. तेव्हा ती आठ महिन्यांची होती. मी तापाने फणफणलेली, तिला छातीशी धरून कोपऱ्यात रडत होते. 'बापाच्या देवात' एवढं ऐकलं आणि पुढचं काही कानात शिरलंच नाही. नंतर घरात कुणी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही, वाटलं सगळे विसरतील.

आता आबाजी बोलला तर पोरगी जाणार, आणि नाही बोलला तर मी अजून त्या माणसाची बायको. इकडे आड, तिकडे विहीर.

शाळा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी मी पोरीला हात धरून सोडायला लागले. रस्त्यावर अनोळखी गाडी थांबली की हातातलं टाकून धावायचे. पोरगी वैतागायची. एकदा म्हणाली, "आई, तू काऊन भिऊन राह्यली?" मी तिच्यावरच खेकसले आणि मग घरामागे जाऊन रडले.

तारखेच्या आठवडाभर आधी मी आबाजीच्या अंगणात गेले. तो बांबू सोलत बसला होता.

"आबाजी, काडीचं सांगा. पोरीचं नका सांगू. विचारलं तर आठवत नाई म्हणा."

"मले आठवते ना," तो म्हणाला.

"तुम्हाले आठवते हे मलेबी मालूम हाये! म्हणूनच तं सांगून राह्यली!"

ज्याच्या मांडीवर खेळून मी मोठी झाले त्या म्हाताऱ्यावर मी ओरडले. मग लाज वाटून त्याचे पाय धरले. "घरी जाय बाई, पोरगी एकटी हाये," एवढंच तो म्हणाला.

तारखेला पोरीला माझ्या आईजवळ ठेवून आम्ही दोघं बसने गडचिरोलीला गेलो. आबाजीने चपला कोर्टाच्या खोलीबाहेर काढून ठेवल्या. शिपायाने घालायला सांगितल्या, तरी घातल्या नाहीत. माझ्या वकीलबाईंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "काडी मीनंच मोडली. याच हातानं." फारकत झाली नाही म्हणणाऱ्या समोरच्या वकिलाने लगेच पगडी फिरवली. म्हणाला, मग मुलीबद्दल पंचांनी काय ठरवलं होतं तेही सांगा.

मी फरशीकडे बघत राहिले.

"पोर अंगावर पिते तवर मायजवळ," आबाजी म्हणाला. "मंग बापाच्या देवात."

वकील खूश होऊन खाली बसला.

"संपलं नाई ना सायेब अजून," आबाजी म्हणाला. न्यायाधीशांनी त्याला बोलू दिलं. "बापानं दर साली नवं खायच्या सणाले यायचं. नव्या भाताचा पयला घास पोरीले आपल्या हातानं भरवायचा. तसं केलं तरच पोर त्याच्या देवात. सा वर्सं झाली. गावात यायचा रस्ता माझ्या आंगनाजवळून जाते. हा एकदाई नाई आला."

न्यायाधीशांनी समोर बसलेल्या पोरीच्या बापाकडे पाहिलं. "ड्युटी राह्यते," तो पुटपुटला.

हेच ते, जे तापात माझ्या कानात शिरलं नव्हतं. आणि नेमकं हेच गिळून टाका म्हणून मी आबाजीचे पाय धरले होते.

निकाल पुढे काही महिन्यांनी लागला. पोरीचं भलं कशात आहे ते पाहून कोर्टाने तिला माझ्याजवळ ठेवलं. महिन्यातून दोन रविवार बापाने भेटायचं. त्या रविवारी ती परत येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

पण साक्षीच्या दिवशी निकालाचं काहीच ठाऊक नव्हतं, तरी मी कोर्टाच्या व्हरांड्यात आबाजीच्या पाया पडले. "आबाजी, पोर राह्यली तं तुमच्यामुळंच राहीन," म्हणाले.

तो चपला घालत होता. "तू मले खोटं बोलाले सांगतली होती," तो म्हणाला. "तेबी सांगतलो असतो. पन कोनी विचारलं नाई."

पोरीच्या बापाचा वकील अजून तिथेच, चार पावलांवर, फाइल बांधत उभा होता. मी आबाजीचा दंड धरला आणि त्याला जवळजवळ ओढतच बसस्टँडकडे नेलं.