चार कपांचा व्यायाम

२००४च्या सुमारास हिंजवडीत नोकरी लागली, तेव्हा मी लातूरहून येऊन जवळच्या नांदे गावात खोली भाड्याने घेतली. घरमालक काका जन्मभर बैलांमागे चाललेले. बरीचशी जमीन इमारतींना गेली, बैल गेले, आणि काका ओट्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत असे बसले की शुगरच चालत त्यांच्याकडे आली.

शुगर त्यांनी मनावर घेतली नव्हती. एका संध्याकाळी ते घरात आले आणि काकूंना त्यांच्या मागे फरशीवर रक्त दिसलं. चपलेतून खिळा तळव्यात घुसला होता आणि काकांना पत्ताच नव्हता. डॉक्टर स्पष्टच बोलले, पाय असाच बधिर राहिला तर पुढची जखम बोट घेऊन जाईल. जखम भरली की रोज तासभर चालायचं, आणि आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीच्या मॅडमकडे पायावर लाल दिव्याचा उजेड घ्यायचा.

दिवा काकांना फारच आवडला, कारण त्यात नुसतं बसायचं होतं.

"म्याडम, लाईट डब्बल करा आन् चालनं तेवढं कमी करा," त्यांनी सुचवून पाहिलं.

"दिवा नुसता सोबतीला आहे, काका. खरं काम पायांनीच करायचंय," मॅडम म्हणाल्या.

मग काका रोज चालायला जाऊ लागले. महिन्याने तपासलं तर शुगर वाढलेली. काकूंना संशय आला. त्या मला म्हणाल्या, "तुमी जावा बरं त्येंच्यासंगं."

पहिल्याच दिवशी उलगडा झाला. गावात माणूस उगीच चालत नाही. चालतोय म्हणजे कुणाकडे तरी निघालाय. दर ओट्यावरून हाक यायची, "या, च्या घ्या." नाही म्हणावं तर बांधाच्या जुन्या भांडणावरून मनात काहीतरी धरलंय, असा अर्थ निघायचा. तासाभरात चार घरं, चार कप, आणि चहा असा गोडमिट्ट की चमचा उभा राहावा. काका व्यायाम करत नव्हते, पाहुणचार घेत होते.

शेवटी आम्ही तोडगा काढला. कप काका घ्यायचे, "सायबाला लई तलप हाय" म्हणायचे आणि माझ्या हातात द्यायचे. सबंध गावात मी चहाबाज भाडेकरू ठरलो. काकांची शुगर उतरली, मला पट्टा दोन भोकं ढिला करावा लागला.

पाय मात्र गप्पच होता. रोज घरी आल्यावर काकू चष्मा लावून त्यांचे तळवे न्याहाळायच्या, तेव्हा एरवी सगळ्यांची टिंगल करणारे काका भिंतीकडे बघत बसायचे. मलाही भीती वाटायची.

उन्हाळ्यात एकदा आम्ही त्यांच्या उरलेल्या शेताच्या बांधावरून चाललो होतो. काका एकदम "आई गं" म्हणून थांबले आणि मटकन खाली बसले. बाभळीचा काटा चपलेतून आरपार गेला होता. मी तो उपसायला घाईने वाकलो, तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांचे डोळे भरले होते.

"थांबा, सायेब," ते म्हणाले. "वाईच दुखू द्या."