दुसरा गोलकी

जव्हारला मुंबईच्या एका फुटबॉल क्लबचं शिबिर लागलं होतं. निवडलेल्यांना पगार मिळणार होता, पण गोल अडवणाऱ्याची, म्हणजे गोलकीची, जागा एकच आणि माणसं उरली दोन, माझा नवरा आणि तो. त्याचं नाव मी विचारलंच नाय. नवऱ्याला नाय घेतलं तर परत वीटभट्टीवर जायचं, आणि पोरगी चार महिन्यांची, त्या धुरात तिला कशी जगवू? म्हणून रोज तिला पोटाशी बांधून मी मैदानाच्या कडेला बसायची. तो दुसरा उंच, काटकुळा. बॉल यायच्या आधी मातीला हात लावून कपाळाला लावायचा, मग अशी उडी मारायचा की बॉल हातातच. तो उडाला की मी पुटपुटायची.

एकदा पाणी प्यायला आला नि हसून म्हणाला, "वहिनी, देवाला 'हा हरू दे' म्हणा, चालंल. पण हात मोडू दे म्हणू नका. घरी आईला मीच भरवतो."

"मी कुठं काय म्हणते, भाऊ?" म्हटलं नि पोरीचं टोपडं नीट केलं. त्याचा हात मोडू दे, हेच मी मागत होते.

पुढचा बॉल जोरात आला, त्यानं गोलच्या खांबाकडे अंग झोकलं आणि माझ्याच तोंडातून निघालं, "जपून रं भाऊ, खांब!"

बॉल अडवला त्यानं. पलीकडे आपल्या पाळीची वाट बघणारा नवरा वळून माझ्याकडे बघायला लागला.